हुक्क्यावरचा निखारा

गेल्या शुक्रवारी रात्री अकराच्या सुमारास भाच्याचा मेसेज आला, "मामा, करवंटीचा कोळसा आणलाय, पण पेटतच नाहीये. अर्धी काडेपेटी संपली. काय करू?"

आमचा भाचा कोथरूडला तीन मित्रांबरोबर फ्लॅट घेऊन राहतो. कोड झकास लिहितो, पण गॅस सोडला तर दुसरा विस्तव त्याने कधी जवळून पाहिलेला नाही. मी टाइप करत बसलो नाही, सरळ फोन लावला आणि आधी विचारलं, "खिडक्या उघड्या आहेत का?"

"नाही ना, बाहेर धो धो पाऊस आहे. पण टेन्शन नको घेऊस मामा, नॅचरल कोळसा आहे. धूर अजिबात होत नाही."

हे वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं. ऐकलं कसलं, मीच म्हटलं होतं. २००८ च्या जुलैमध्ये, अशाच पावसात, अशाच एका फ्लॅटमध्ये. ती रात्र कशी गेली ते पुढे येईलच. भाच्याला एवढंच सांगितलं की आज राहू दे, रविवारी घरी ये, शिकवतो. आणि शनिवारभर पुस्तकं उपसत बसलो, कारण एक प्रश्न डोक्यातून जाईना. चारशे वर्षं माणसं हुक्क्यावर निखारा ठेवतायत. एवढ्या काळात त्या निखाऱ्याबद्दल त्यांना काय कळलं होतं आणि काय निसटलं?

तर मंडळी, हा विकांत निखाऱ्याचा.

हुक्क्याचा शोध कोणी लावला असं जालावर विचारलंत तर बहुतेक ठिकाणी एकच नाव मिळतं, अकबराच्या दरबारातला हकीम अबुल फतह गिलानी. धूर पाण्यातून नेला की निर्धोक होतो, अशी कल्पना म्हणे त्याने लढवली. गोष्ट छान आहे, फक्त टाइमस्टँप जुळत नाहीत. हकीमसाहेब वारले १५८९ साली. आणि अकबरासमोर तंबाखू आली त्याची जी प्रत्यक्षदर्शी हकीकत आहे ती १६०४ च्या सुमाराची. लिहिणारा असद बेग, अकबराचाच माणूस. त्याच्या लिहिण्यावरून तरी दरबाराला ही वस्तू अगदी नवीकोरी होती. आता जी वस्तू दरबाराने पाहिलीच नव्हती ती ओढायचं यंत्र पंधरा वर्षं आधी गेलेल्या माणसाने कसं बनवलं? काही अभ्यासक म्हणतात की हुक्का मुळात इराणातून आला. असेल. हा बग मी ओपनच ठेवतो.

असद बेग विजापूरला दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाकडे कामगिरीवर गेला होता. तिथे त्याला तंबाखू दिसली. पोर्तुगीजांमुळे ती दख्खनमध्ये आधीच पोचलेली होती (ह्या बाबतीत तरी आम्ही दख्खनी दिल्ली-आग्र्याच्या पुढे!). परत जाताना त्याने बादशहासाठी एक सेट जमवला. सुमात्राच्या अचीनहून आलेली तीन हात लांब नळी, दोन्ही टोकांना जडावाचं काम, तोंडाशी येमेनी अकीक, तंबाखूसाठी आदिलशहाने दिलेला पानाचा बटवा, सगळं चांदीच्या तबकात. शिवाय ती पेटवायला एक सोन्याचं पात्र. आणि जाता जाता तो लिहितो की तंबाखू इतकी उत्तम होती की एक पान पेटवलं की बाकीची आपोआप जळत राहतात.

अकबराने दोन-तीन झुरके घेतले, हकिमाने खोडा घातला, आमच्या ग्रंथांत ह्याचा उल्लेख नाही म्हणाला, त्यावर वाद झाला, वगैरे वगैरे. हा प्रसंग सगळे रंगवून सांगतात. मला मात्र ते पानांचं वाक्य महत्त्वाचं वाटतं. एक पेटवलं की बाकीची जळत राहतात, म्हणजे तंबाखू कोरडी होती. तिला निखाऱ्याची गरज फक्त सुरुवातीला होती, काडी लावण्यापुरती. ह्या पहिल्या नळीवर कोळसा बसलेला नाही.

पुढे जहांगीरने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली आणि बंदीचं जे होतं तेच झालं. त्याच सुमारास इंग्रज वकील सर टॉमस रो ह्याच्याबरोबर एडवर्ड टेरी नावाचा पाद्री मोगल मुलखात हिंडत होता. त्याचं प्रवासवर्णन १६५५ मध्ये छापलं गेलं. त्यात हिंदुस्थानी लोक तंबाखू कशी ओढतात ते अगदी मॅन्युअल लिहावं तसं लिहिलंय. मातीचं छोटं भांडं, वर उघडं तोंड, पोटाला एक तोटी. तोटीच्या खालच्या कडेपर्यंत पाणी. वरच्या तोंडात तंबाखू सुटी घालायची आणि तिच्यावर जळता निखारा ठेवायचा. तोटीत बोरू खोचून ओढायचं, धूर आधी पाण्यावर आपटतो आणि पाणी पार गढूळ होतं. अशाने तंबाखू जास्त थंड आणि आरोग्याला चांगली होते असं ह्या लोकांना वाटतं, असंही तो सांगतो.

म्हणजे असद बेगनंतर दहा-पंधरा वर्षांत आपल्याला निखारा तंबाखूच्या डोक्यावर बसलेला सापडतो. आणि पाणी गढूळ झालं म्हणजे सगळी घाण पाण्यात राहिली, ही समजूतही त्याच्याबरोबरच आलेली दिसते. दिसतं ते गाळलं गेलं, मग न दिसणारं काही असेल असा विचार कोण करतो?

निखारा तिथे कायमचा का राहिला ह्याचं उत्तर गुळात आहे. हिंदुस्थानात हुक्क्याची तंबाखू गुळात किंवा काकवीत मळायला लागले, फळं आणि मसाले घालून मुरवायला लागले. अशी ओली, चिकट तंबाखू स्वतःहून जळत नाही. तिला वरून सतत धग लागते. ती जळायलाही नको, नुसती भाजली जायला हवी. म्हणून मध्ये मातीचा तवा आला आणि तव्यावर कोळसा. (हल्ली तव्याच्या जागी अॅल्युमिनियमची फॉइल असते, काम तेच.) थोडक्यात, तंबाखू गोड झाली आणि त्याची किंमत म्हणून पेटता कोळसा बैठकीत येऊन बसला. तासन्‌तास, नाकापासून चार हातांवर.

मग त्या कोळशाचं एक शास्त्रच तयार झालं. साध्या लोणारी कोळशाने भागेना. तो तडतडतो, ठिणग्या उडवतो, अर्धवट जळलेला असला तर धुराचा वास देतो आणि त्या वासाने सगळी मजा जाते. म्हणून कोळशाची पूड करून, भाताच्या पेजेसारख्या चिकट पाण्यात मळून गोळ्या किंवा टिकिया वळायच्या आणि उन्हात कडक वाळवायच्या. उत्तरेत ह्या गोळ्यांना गुल म्हणतात. 'हॉब्सन-जॉब्सन' ह्या १८८६ च्या प्रसिद्ध कोशात चिलीम ह्या शब्दाची व्याख्या करतानाच तंबाखू आणि कोळशाच्या गोळ्या ज्यात राहतात तो हुक्क्याचा भाग, असं म्हटलंय. गोळ्यांशिवाय चिलमीची व्याख्याच पुरी होत नव्हती. आजच्या करवंटीच्या कोळशाचे चौकोनी तुकडे ही ह्याच गुलची नातवंडं. कोळशाची पूड, थोडी खळ, साच्यात दाबलेली.

गुल दाट असतो, म्हणून चटकन पेटत नाही आणि पेटला की चटकन विझतही नाही. भाच्याची अर्धी काडेपेटी इथे खर्ची पडली. काडीची आच ठोकळ्याला पुरतच नाही, सगळीकडून एकसारखी धग दहा-पंधरा मिनिटं लागते. इराणात ह्याच्यासाठी एक भन्नाट वस्तू आहे, आतिशगर्दान. तारेची छोटी टोपली, तिला साखळी. आत कोळसे आणि एखादा पेटता तुकडा घालायचा आणि अंगणात उभं राहून गोफणीसारखी गरगर फिरवायची. वाऱ्याने कोळसे लालबुंद होतात. हे दिवाणखान्यात करता येत नाही, हाच त्याचा मोठा गुण.

हिंदुस्थानात मोठ्या घरी ह्या कामाला माणूसच ठेवलेला असे, हुक्केबरदार. कोळसा कुठे पेटवायचा, किती फुलला की आत न्यायचा, राख कधी झटकायची, हे सगळं त्याच्याकडे. कंपनी सरकारातल्या गोऱ्या साहेबांनीही ही चैन उचलली. १ ऑक्टोबर १७७९ चं वॉरन हेस्टिंग्ज पतिपत्नींचं एक निमंत्रण प्रसिद्ध आहे. कलकत्त्याच्या घरी संगीत आणि जेवण आहे, आठला सुरू होईल, आणि कृपया हुक्केबरदाराखेरीज दुसरा नोकर आणू नये. बाकी नोकर चालणार नाहीत, पण विस्तव सांभाळणारा हवाच. मला हे वाचून आमच्या हापिसातला रिलीजच्या रात्रीचा सपोर्टवाला आठवला. बाकी सगळे घरी गेले तरी चालतं, तो हवाच.

ह्या सगळ्या कौशल्याचा हेतू काय होता पाहा. धूर नको, वास नको, ठिणगी नको. कोळसा बाहेर पेटवायचा, काळा ठिपका राहीपर्यंत आत आणायचा नाही. आमच्या आजीचा नियम हाच होता, आणि तिने आयुष्यात हुक्का पाहिला नव्हता. आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची पद्धत होती. आजी सांगायची की कोळसे अंगणात पुरते फुलल्याशिवाय शेगडी उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही, कच्चा कोळसा बाळंतिणीच्या डोक्यात जातो. निखारा रसरशीत झाला, वर पांढरी राख धरली, धूर थांबला, की तो निर्धोक. हुक्केबरदाराचीही समजूत हीच असणार.

आणि नेमकं हेच चूक आहे.

कोळसा म्हणजे जवळजवळ शुद्ध कार्बन. धूर येतो तो त्यात उरलेल्या लाकडाच्या अंशाचा. तो अंश जळून गेला की धूर थांबतो, पण कार्बन जळतच असतो. निखाऱ्याच्या पृष्ठभागावर कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तोच वायू पुन्हा तापलेल्या कार्बनला भिडला की त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. रंग नाही, वास नाही, डोळ्यांत पाणी नाही. तुम्ही शेगडीवरच्या लाल निखाऱ्यांवर निळसर ज्वाळ नाचताना पाहिली असेल, तो जळणारा कार्बन मोनॉक्साइडच. हुक्क्यावर तेवढी ज्वाळ होत नाही, म्हणजे बराचसा न जळताच नळीतून आणि खोलीत जातो. पाण्यात तो जवळपास विरघळतच नाही. टेरीचं पाणी कितीही गढूळ होवो, हा गडी मात्र बुडबुड्यांबरोबर सहीसलामत वर येतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो.

माणसाने ह्याचं खापर पूर्वीपासून भलत्यावरच फोडलंय. रोमन सम्राट ज्युलियन इ.स. ३५७-५८ च्या हिवाळ्यात पॅरिसला होता. थंडी सोसण्याची हौस म्हणून खोलीत शेगडी नको म्हणायचा, शेवटी एका रात्री थोडे निखारे आणवले आणि झोपेत गुदमरून मरता मरता वाचला. नंतर स्वतःच लिहून ठेवलं की उष्णतेमुळे भिंतीतली ओल बाहेर पडली आणि तिने आपलं डोकं जड केलं. अगदी टिपिकल! निखारे समोर जळतायत आणि दोष भिंतीला. हा वायू रक्ताला धरतो हे १८५० च्या दशकात क्लोद बेर्नारने दाखवलं. १८९० च्या दशकात जॉन स्कॉट हॉल्डेनने तर प्रयोगशाळेत स्वतःच तो हुंगून आपली अवस्था टिपून ठेवली. खाणीत छोटे पक्षी न्यायची कल्पना त्याचीच. तोपर्यंत हुक्का अडीचशेहून जास्त वर्षांचा झाला होता.

मग इतकी वर्षं दरबारात माणसं पटापटा पडली का नाहीत? माझं उत्तर असं की घरं गळकी होती. दालनांना कमानी होत्या, वाड्यांना चौक होते, आजीच्या बाळंतिणीच्या खोलीवर कौलं होती आणि कौलांतून सूर्य दिसायचा. वारा कुठूनही यायचा. रबराच्या पट्ट्या लावलेल्या सरकत्या खिडक्यांचा फ्लॅट ही हुक्केबरदाराने कधी न पाहिलेली गोष्ट आहे.

तर आता २००८.

आम्ही चौघं होतो. शुक्रवारी मोठा रिलीज झाला होता, शनिवारी संध्याकाळी कॅम्पातून आणलेला हुक्का काढला. त्या काळी पुण्यात हुक्क्याची साथच आली होती, पार्लरं जिथेतिथे. आम्ही घरीच लावायचो, स्वस्तात पडतं म्हणून. चटकन पेटणाऱ्या कोळशाला पेटवण्यासाठी सोऱ्यासारखं रसायन लावलेलं असतं आणि त्याचा वास मला आवडायचा नाही, म्हणून मी हट्टाने साधा कोळसा आणलेला. गॅसवर जाळी ठेवून फुलवला. छान फुलला, पांढरी राख धरली. उरलेले निखारे विझू नयेत म्हणून लोखंडी घमेल्यात घालून हॉलमध्येच ठेवले. पाऊस आत यायला लागला तशी खिडकी लावली. मीच लावली. कोणीतरी म्हणालं, गुदमरेल. मी म्हटलं, धूर कुठे होतोय?

दोन-अडीच तासांनी सांगलीचा आमचा रूममेट डोकं दुखतंय म्हणाला. आम्ही त्याची थट्टा केली. तो उठून बाथरूमकडे गेला आणि दारातच कोसळला. मी उचलायला उठलो तर माझेच पाय माझे नव्हते. त्या क्षणी मला काहीही कळलं नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. दार उघडलं ते शेजाऱ्यांना हाक मारायला. जिन्यातल्या गार वाऱ्याने दोन मिनिटांत जरा डोकं चालायला लागलं आणि त्याला दाराबाहेर ओढला.

रिक्षाने जवळच्या हॉस्पिटलात नेला. तिथल्या तरुण डॉक्टरने बोटाला चिमटा लावला, ऑक्सिजन ९८. म्हणाला, सगळं नॉर्मल आहे, किती प्यायलात? आम्ही त्या दिवशी थेंबही घेतला नव्हता, पण चार पोरं, शनिवारची रात्र, कोण विश्वास ठेवणार? वीसेक मिनिटं तशीच गेली. मग एक वयस्कर बाई आल्या, तिथल्या सीनियर असाव्यात. त्यांनी एकच विचारलं, "खोलीत काय जळत होतं?" तो साधा ऑक्सिमीटर ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन ह्यांतला फरक ओळखत नाही, दोन्ही त्याला लालच दिसतात. रक्त तपासलं, चोवीस टक्के निघालं. मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन सुरू केला. साध्या हवेत हे प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर दीड तासाच्या आत. पहाटे तो उठून चहा मागायला लागला. तो त्या खिडकीबद्दल आजतागायत काही बोललेला नाही. मीही नाही.

योगायोग असा की त्याच २००८ मध्ये बैरुतच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी हुक्क्याचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. तंबाखू एकदा कोळशावर तापवली, एकदा विजेवर, आणि दोन्ही धूर मोजले. कार्बन मोनॉक्साइडचा सुमारे ९० टक्के हिस्सा एकट्या कोळशातून आलेला निघाला. तंबाखू नसलेला 'हर्बल' हुक्का ओढणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा. कोळसा नैसर्गिक असण्याने रसायनाचा वास टळतो, एवढंच. कार्बन तोही कार्बनच.

निखाऱ्याचा दुसरा धोका, ठिणगीचा, महाराष्ट्राने २०१७ मध्ये पाहिला. २८ डिसेंबरची मध्यरात्र उलटल्यावर मुंबईत लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या रेस्तराँना आग लागली आणि १४ जण गेले. कितीतरी जण बाथरूममध्ये अडकून धुराने गुदमरले. अग्निशमन दलाच्या चौकशीत आगीचं मूळ हुक्क्याच्या निखाऱ्यातून उडालेल्या ठिणगीकडे गेलं. पुढच्या वर्षी राज्याने कायदा दुरुस्त करून हुक्का पार्लरवर बंदी आणली. मला तेव्हा पार्लरमधली ती पोरं आठवली, निखाऱ्यांची टोपली हलवत गर्दीतून, पडद्यांना घासून धावणारी. एका हुक्क्यामागे एक हुक्केबरदार असायचा, इथे वीस टेबलांना एक पोरगा, आणि त्याला कोणी काही शिकवलेलं नाही.

रविवारी भाचा आला. माळ्यावरून आजीची लोखंडी शेगडी काढली आणि गच्चीवर गेलो. पाऊस थांबला होता. आसपास वाळत घातलेले कपडे आधी काढले. खाली कोरडी करवंटी आणि नारळाच्या शेंड्या, वर त्याचे ते ठोकळे, थोडी थोडी जागा सोडून. रॉकेल-बिकेल काही नाही. चिमट्याने उलटेपालटे करत बसलो, पंधरा मिनिटं लागली. काळा ठिपका राहीपर्यंत हात लावायचा नाही, हे आजीचं त्याला सांगितलं आणि आजीचं कुठे चुकत होतं तेही सांगितलं. ह्यातला एकही निखारा चार भिंतींच्या आत न्यायचा नाही, पाऊस असला तर बेत रद्द. राख धरलेला निखारा मेलेला दिसतो पण तासाभरानेही कचऱ्याचा डबा पेटवू शकतो, म्हणून शेवटी पाण्याच्या बादलीत. आणि कोणी डोकं दुखतंय म्हणालं तर आधी त्याला बाहेर काढायचं, थट्टा नंतर.

अंधार पडायला लागला तशी निखाऱ्यांवर ती निळी ज्वाळ दिसायला लागली. भाचा वाकून बघायला लागला, मी त्याला कॉलरला धरून मागे ओढलं.

हुक्का तो घरीच विसरला होता. खाली कोपऱ्यावर कणीसवाला होता, त्याच्याकडून चार कणसं आणली आणि भाजली.